अर्ध्यावर कापलेलं भाषण

आमच्या गावाला पुरता काळोख कधी मिळाला नाही. काच कारखान्याच्या चिमणीच्या तोंडाशी कायम एक तांबूस उजेड असायचा, आणि तान्ही पोरं त्या उजेडाकडे बघत बघत झोपायची. भट्टी पेटवली ती आमच्या आज्या-पणज्यांच्या काळात. त्यानंतर ती विझली नाही, कारण काचेची भट्टी विझवायची नसते. आतला काचेचा रस थंड झाला की त्याचा दगड होतो, तापलेल्या विटा आकसतात, तडकतात, आणि मग ती भट्टी म्हणजे मेलेलं जनावर. पुरा नाहीतर तोडून न्या. हे आमच्याकडे पोराला अक्षरओळखीच्या आधी कळायचं. संपाच्या दिवसांतसुद्धा संपवाले आपापसांत पाळी लावून भट्टीला जळण घालायला आत जायचे, आणि बाहेर येऊन पुन्हा साहेबांच्या नावाने घसा फोडायचे.

अशा गावाच्या कॉलेजात अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक होते. अंगाने काटकुळे, चालताना जमिनीकडे बघणारे, डाव्या बाहीवर खडूची भुकटी. पोरं त्यांना पाठीमागे 'उलटे सर' म्हणत, आणि त्याला कारण होतं. सर कुठलाही विषय शिकवताना आधी उलट बाजू मांडायचे. स्वतःला जे पटतं ते नाही, तर जे पटत नाही ते. आणि तेही असं मांडायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, झालं, आता यापुढे बोलायला काही उरलं नाही. जुन्या पंडितांची ही रीत. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्यापेक्षा चांगलं सांगायचं. त्याला पूर्वपक्ष म्हणायचं. तास निम्मा सरला की सर चष्मा काढायचे, फळा पुसायचे आणि विचारायचे, "आता सांगा, यात भोक कुठे आहे?" आणि मग उरलेल्या वेळात ती उभी केलेली भिंत एकेक वीट काढून अशी पाडायचे की पोरं श्वास घ्यायला विसरत.

एकदा एका पोराची दाढ ठणकायला लागली म्हणून तो निम्म्या तासातून उठून गेला, आणि जन्मभर उलट्याच बाजूवर ठाम राहिला. पुढे तो ठेकेदार झाला. त्याचं काही अडलं नाही.

सरांची बायको कारखान्यातच होती, तपासणी खात्यात. येणारा प्रत्येक पेला उजेडापुढे धरायचा, बुडबुडा दिसला की बाजूला टाकायचा, हे तिचं काम. तिचा थोरला भाऊ भट्टीवरचा मुकादम. अख्खा गाव त्याला दादा म्हणायचा. रुंद हाड, भुवया जळून विरळ झालेल्या, आवाज असा की भट्टीच्या घरघरीवरून पलीकडे जावा. बहिणीच्या नवऱ्याबद्दल दादाच्या मनात प्रेम होतं, आणि थोडी कीवही होती.

सर खासदार झाले ते कोणाच्याही ध्यानीमनी नसताना. पक्षातले दोन बडे पुढारी उमेदवारीसाठी एकमेकांचे पाय ओढत होते. वरच्या मंडळींनी कंटाळून सांगितलं, दोघेही नकोत, ज्याला शत्रू नाही असा कोणी शोधा. सरांना शत्रू नव्हता, कारण सर नेमके कोणत्या बाजूचे आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

प्रचारात दादाने त्यांना तोंड उघडू दिलं नाही.

"दाजी, तुम्ही फक्त हात जोडा. तोंड मी उघडतो."

"पण लोकांना विरोधी उमेदवाराचं म्हणणंही कळायला—"

"हात जोडा, दाजी."

शेवटची सभा कारखान्याच्या फाटकापाशी झाली. तिथे दादा पेटाऱ्यावर चढला आणि म्हणाला, "हा माणूस माझ्या बहिणीचा नवरा आहे म्हणून मत देऊ नका. हा खोटं बोलत नाही म्हणून द्या. हा तिथे बसला असेपर्यंत आपली भट्टी विझणार नाही. विझली, तर याला नका विचारू. मला विचारा." शब्द असा दिला, आणि गावाने तो पदरात घेतला.

सर निवडून आले. राजधानीत त्यांना खासदारांच्या वसतिगृहात एक लांबट खोली मिळाली. खिडकी उघडली की समोर दुसरी भिंत. सर स्वतःचे सदरे स्वतः धुवायचे आणि त्या भिंतीकडे बघत वाळत घालायचे. समित्यांत त्यांचा मान होता, कागद वाचून येणारे ते एकटेच असत. पण भर सभागृहात बोलायला मिळत नव्हतं. तिथे वेळ पक्षाच्या वजनाप्रमाणे वाटतात, आणि सरांचा पक्ष विरोधी बाकांवरचा, तोही हलका. आयुष्यभर रोज बोललेला माणूस बाकावर मुका बसून होता. नांगराच्या बैलाला ठाणबंद करून ठेवावं तसं झालं होतं त्यांचं.

आणि मग ते विधेयक आलं.

तोट्यातले सरकारी कारखाने आधी बंद करायचे, मग विकायचे, असं ते विधेयक. यादीत आमचा कारखाना होता. कापडाची गिरणी कुलूप लावून ठेवली तर नवा मालक कुलूप काढून चालू करू शकतो. काचेचं तसं नाही. आधी बंद म्हणजे आधी मारा, मग बाजारात न्या. सरांनी त्यात एक दुरुस्ती सुचवली, एकाच वाक्याची: जिथे भट्टी अखंड पेटती आहे तिथे नवा मालक हाती येईपर्यंत ती विझवू नये.

सरकारचं बहुमत काठावरचं होतं. डोंगराकडच्या भागातला एक छोटा पक्ष सरकारला टेकू देऊन होता, आणि त्याच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याने, ज्याला सगळं सभागृह आजोबा म्हणायचं, सांगून ठेवलं होतं की या दुरुस्तीवर आमची माणसं भाषणं ऐकून मत देतील. ती माणसं सरांकडे आली तर भट्टी वाचत होती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

भाषणाच्या आधी पक्षाच्या नेत्याने सरांना बाजूला घेतलं. "प्राध्यापक, वेळ फार थोडा मिळालाय. घंटा वाजली की बसावं लागतं."

"माझ्या वर्गात घंटेनंतरही पोरं बसून राहायची," सर म्हणाले.

"इथे पोरं नाहीत."

त्या शुक्रवारी दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांची पाळी होती तेवढेच भट्टीपाशी, बाकी सगळे भिंतीवरच्या टीव्हीसमोर. दादा मधोमध, हातात चहाचा पेला. बहीण तपासणी खात्यातून तशीच आली होती, हातमोजे कमरेला खोचून.

सर उभे राहिले. टीव्हीवर ते आणखीच बारीक दिसत होते.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "मंत्री महोदयांनी हे विधेयक मांडलं, पण नीट मांडलं नाही. मी मांडतो."

सभागृहात हशा पिकला. कँटीनमध्येही पिकला. "आता घेणार बघा मंत्र्याला," कोणी तरी म्हणालं.

आणि सरांनी खरंच मांडलं. ज्या कारखान्याचा माल बाजार मागत नाही तो चालवत राहणं ही दया नाही, असं ते म्हणाले. आपण तिथल्या माणसाला नोकरी देत नाही, त्याची निघून जायची वाट बंद करतो. बापाच्या जागी पोरगा, त्याच धुरात, त्याच पाळीला. आणि त्याला आपण निष्ठा म्हणतो. जुन्याला न मरू देणारा देश नव्याला जागा देत नाही. सरांचा आवाज चढत गेला. इतक्या दिवसांनी त्यांना वर्ग मिळाला होता, आणि ते त्यात असे रंगले की काटकुळ्या देहात कोणी दुसराच माणूस येऊन उभा राहावा. सरकारी बाकांवरून टेबलं वाजायला लागली. मंत्री पुढे वाकून लिहून घेत होता.

कँटीनमधली माणसं टीव्हीच्या जवळ सरकली.

"हे काय बोलतायत?" दादाने बहिणीकडे न बघता विचारलं.

"थांब, दादा. उलटतील. चष्मा काढू दे." ती टीव्हीवर नजर रोखून होती. "आधी असंच असतं त्यांचं."

"कधी काढणार?"

"आता काढतील."

मंत्र्याचं म्हणणं मंत्र्याला कधी साधलं नसतं इतकं देखणं होऊन उभं राहिलं. मग सरांनी दोन्ही हातांनी चष्मा काढला.

"काढला!" बहीण जवळजवळ ओरडलीच.

त्याच क्षणी घंटा वाजली.

"माननीय सदस्यांनी समाप्त करावं," अध्यक्ष म्हणाले.

"अध्यक्ष महोदय, हा झाला पूर्वपक्ष. आता मी मूळ—"

सरांच्या पुढचा माईकचा दिवा विझला. ओठ हलत राहिले. हातात चष्मा, आणि तोंडातून आवाज नाही. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं. सर उभेच होते. शेजारच्या सदस्याने त्यांच्या कोटाचं टोक ओढून त्यांना खाली बसवलं.

कँटीनमध्ये मागून आवाज आला, "मुकादम, तुमचे दाजी फार सुंदर बोलतात हो."

"आपल्यालाही पटलं," दुसरा म्हणाला. "उद्यापासून मी येत नाही कामाला. माझी वाट मोकळी करतो."

आमच्या गावात रागाने काच फोडत नाहीत. ज्याने घडवली त्याचा घाम त्यात असतो. त्या दिवशी दादाने पेला टेबलावर ठेवला, आणि तो ठेवतानाच फुटला. दादाने हाताकडे पाहिलं नाही. "पाळीवर चला," एवढंच म्हणाला.

बायकोचा फोन लागला तेव्हा सर सभागृहाच्या बाहेरच्या लांब ओसरीत एकटे होते.

"अहो, हे काय करून बसलात?"

"मी मुद्द्यावर येतच होतो गं. अजून थोडा वेळ मिळाला असता तर—"

"कधी येणार होतात मुद्द्यावर? भट्टी विझल्यावर?"

"त्यांचं म्हणणं आधी न मांडता खोडलं असतं तर ते खोडणं कच्चं राहिलं असतं."

"आणि आता जे राहिलंय ते पक्कं आहे का?"

"मतदान सोमवारी आहे," ते म्हणाले. "मी घरी येतो. लोकांना समजावतो."

पक्षाने सांगितलं होतं, जाऊ नका, मार खाल. सर गेले. तोवर भाषणाचा तेवढाच तुकडा घराघरांतल्या फोनवर फिरून आला होता. बसमधून उतरल्यावर कोपऱ्यावरच्या चहावाल्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि धुतलेलेच पेले पुन्हा धुवायला घेतले. एक म्हातारी तेवढी थांबली. तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वाळलास रे. तिथे खायला घालत नाहीत का? का नुसतं बोलायलाच लावतात?"

फाटकापाशी माणसं जमली होती. पेटारा तोच होता. दादा बाजूला उभा, हाताला फडकं गुंडाळलेलं.

"बोला दाजी," तो म्हणाला. "पण सरळ बोला."

सर वर चढले. "तुम्ही जे ऐकलंत ते माझं मत नव्हतं. ते त्यांचं मत होतं. ते मी—"

"त्यांचं मत सांगायला त्यांच्याकडे माणसं नाहीत?" नळीने काच फुंकणारा एक फुंकणीवाला ओरडला. "आम्ही तुम्हाला आमचं सांगायला पाठवलं!"

"समोरच्याचं बळ दाखवल्याशिवाय त्याला पाडता येत नाही. कुस्तीतसुद्धा—"

"कुस्तीतलं मला सांगू नका सर, मी खेळलोय. तुम्ही त्याला पाडलं नाही. तुम्ही त्याला खांद्यावर घेतलंत, सगळ्या गावाला दाखवलंत, आणि घंटा वाजली. अजून तो खांद्यावरच आहे."

लोक हसले, पण त्या हसण्याला धार होती. मागून कोणी तरी "किती दिले?" असं म्हणालं, आणि दादाने मान वळवून त्या दिशेला असं पाहिलं की ते तिथेच थांबलं. मग दादा सरांकडे वळला. आवाज त्याने मुद्दाम खाली घेतला होता, म्हणून सगळे जास्तच कान देऊन ऐकू लागले.

"एकच विचारतो, दाजी. भट्टी चालावी असं तुम्हाला स्वतःला वाटतं? की आम्हाला वाटतं म्हणून तुम्ही म्हणता?"

सर थांबले.

फार नाही थांबले. माणूस घोट गिळतो तेवढंच. पण भट्टीपुढे उभी राहिलेली माणसं ती. रसाचा रंग किंचित फिकट झाला तरी ओळखतात. ते थांबणं सगळ्यांनी पाहिलं.

"वाटतं," सर म्हणाले.

माणसं पांगली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी बायकोने जेवण वाढलं आणि समोर बसली. त्यांची पोरगी पुस्तक उघडं ठेवून शेजारच्या खोलीत कान देऊन होती.

"उत्तर द्यायला एवढा वेळ का लागला?"

"खोटं बोलायला वेळ लागत नाही. खरं तपासून बघावं लागतं."

"दादाने तुमच्यासाठी शब्द दिला तेव्हा तपासून बघितलं नव्हतं."

सरांनी घास खाली ठेवला. "अगं, तू रोज तिथे जातेस. मागणी घटलीय हे तुला दिसत नाही? भट्टी जुनी आहे, यंत्रं जुनी आहेत. मी जे बोललो त्यातलं निम्मं खरंच आहे. म्हणून तर ते इतकं चांगलं बोलता आलं."

तिने वाटी त्यांच्याकडे सरकवली. "हे फाटकावर बोलला नाहीत ते एक शहाणपण केलंत."

"पण विझवून विकणं चूक आहे. त्याबद्दल माझ्या मनात तिळाएवढी शंका नाही. चालती भट्टी कोणी तरी घेईल, सुधारेल. मेलेली कोण घेणार? जमीन घेतील फक्त."

"मग एवढंच बोला."

"एवढंच?"

"एवढंच. पुढे नाही, मागे नाही."

रविवारी सर परतले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून, मतदानाची वेळ होईपर्यंत, ओसरीत, जिन्यात, चहाच्या खोलीत, भेटेल त्या सदस्याला गाठून ते तेवढंच बोलत राहिले. विझली की मेली. विझली की मेली. माणूस बाजारात उभा राहून एकच जिन्नस विकतो तसे. काही जण हसून पुढे गेले. काही थांबले. आजोबा एका खिडकीपाशी काठी टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तुम्ही शुक्रवारी का नाही बोललात?"

"बोलणारच होतो. घंटा झाली."

"हं," आजोबा म्हणाले. "बघतो. आमच्या पोरांशी बोलतो."

मतदानाच्या थोडं आधी मंत्र्याने निरोप धाडला. प्राध्यापकांनी दुरुस्ती मागे घ्यावी. मी उत्तराच्या भाषणात म्हणेन की सरकार भट्टीवाल्या कारखान्यांचा सहानुभूतीने विचार करेल. पक्षाच्या नेत्याचा चेहरा एकदम खुलला.

"घ्या मागे. हरण्यापेक्षा हे बरं. गावात सांगता येईल की आश्वासन मिळवलं."

"विचार करू म्हणजे काय?"

"म्हणजे विचार करू."

"जे वचन उद्या पाळायची गरज उरत नाही ते आज कोणीही देतो," सर म्हणाले. "हे मी परीक्षेला विचारत असे."

"प्राध्यापक, आता कृपा करून वर्ग घेऊ नका. शुक्रवारी तुम्ही त्यांचं भाषण केलंत. आज मोजणीत आपटलात तर तुमचं तर जाईलच, आमचंही नाक कापलं जाईल. मागे घेतलंत तर निदान झाकली मूठ राहील."

मूठ झाकून गावात जाता येत होतं. फाटकापाशी सांगता येत होतं की सरकारने ऐकलं. दादाचा शब्दही काही दिवस तरला असता, चिमणी गार होईपर्यंत. कँटीनमध्ये तीच माणसं टीव्हीसमोर बसली असतील हे त्यांना दिसत होतं.

अध्यक्षांनी विचारलं, "माननीय सदस्य आपली दुरुस्ती मागे घेत आहेत का?"

"नाही," सर म्हणाले.

सभागृहात कुजबुज झाली. दुरुस्ती मांडणाऱ्याला दोन शब्द बोलता येतात. सर चष्मा डोळ्यांवर ठेवूनच बोलले. "भट्टी विझली की ती मरते. मेलेलं कोणी चालवायला घेत नाही. विकायचं असेल तर जिवंत विका. बाकी सगळं नंतर." आणि बसले. माईकचा दिवा अजून चालूच होता. त्यांच्या वाट्याचा वेळ उरला होता, आणि त्या उरलेल्या वेळात सभागृह खरोखर शांत झालं. सरकारी बाकांवरचेही काही जण खाली बघत होते.

मतं पडली. फळ्यावर आकडे उमटायला वेळ लागतो. त्या वेळात कँटीनमध्ये कोणी तरी टीव्हीचा आवाज बंद केला, कारण ऐकवत नव्हतं. आजोबांच्या पक्षातले निम्मे सरांकडे आले. निम्मे आले नाहीत. दुरुस्ती थोडक्यात पडली.

नंतर ओसरीत आजोबा स्वतः काठी टेकत सरांपाशी आले. "मी तुमच्या विरोधात मत दिलं. सांगायला आलोय."

"कळलं मला," सर म्हणाले.

"आजचं तुमचं मला पटलं होतं. पण शुक्रवारचं मी घरी नेलं. नातवाला ऐकवलं, दोनदा. त्याला तोड सापडली नाही मला. आमच्याकडेही अशाच जुन्या खाणी आहेत हो, बापामागून पोरगा आत जातो. तुम्ही बोललात ते मला आमचंच वाटलं."

"त्याला तोड होती."

"असेल. पण ती तुमच्या पोटातच राहिली." म्हाताऱ्याने त्यांच्या दंडावर हात ठेवला. "तुम्ही मला फार चांगलं शिकवलंत, प्राध्यापक. राग मानू नका."

त्यानंतर ते काठी ठोकत निघून गेले, आणि सर भिंतीला टेकून उभे राहिले.

भट्टी रिती करायची तारीख आली. सर आदल्याच दिवशी येऊन थांबले होते. दादाचं नाव निघालं की बायको उठून आत जायची, अशा घरात. गावाने दादाला विचारलं होतं, त्याने सांगून ठेवलं होतं तसं. रोज पाळी संपली की कोणी ना कोणी फाटकात थांबून विचारायचा, "मुकादम, विझणार नव्हती ना?" दादा थांबून पूर्ण ऐकायचा आणि मग घरी जायचा. त्याने एकदाही दाजींचं नाव पुढे केलं नाही.

सर फाटकापाशी आले तेव्हा रखवालदाराने आत वळून पाहिलं. दादाने लांबूनच मान हलवली. सरांना आत सोडलं.

भट्टीच्या पोटाला खालून भोक पाडलं होतं. रस सोनेरी जाड दोरीसारखा पन्हळीतून उतरत होता आणि पाण्याच्या हौदात पडून फुटत होता. वाफेने छप्पर दिसेनासं झालं होतं. सगळी पाळी तिथे होती, ज्यांची नव्हती तीही होती, आणि हातात फावडी घेऊन काचेचा चुरा हौदाबाहेर ओढत होती. सर बघत बघत पुढे सरकत गेले. पन्हळीच्या कडेला रस उसळला.

"मागे!" दादाने त्यांची कॉलर धरून ओढलं, इतक्या जोरात की शिवण उसवली. "इथे उभं राहायची जागा आहे का ही?"

मतदानानंतर दादा त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"दादा," सर म्हणाले, "मी राजीनामा देतो."

"का?"

"तुम्ही शब्द दिला होतात."

"मी दिला होता. तुम्ही का जाताय?" दादाने जळक्या भुवयांवरचा घाम पुसला. त्याचे डोळे लाल होते. ते उष्णतेनेही असतात. "आता विक्री व्हायची आहे. कोण घेतो, माणसं ठेवतो की हाकलतो, हे तिथे ठरणार. तिथे आमचं कोण बसणार? मी बसू? मला तर दोन वाक्यं सरळ बोलता येत नाहीत."

"मलाही आली नाहीत."

"शेवटी आली," दादा म्हणाला. "उशिरा आली." आणि पन्हळीकडे वळला. त्यात माफी नव्हती. सरांनी ती शोधलीही नाही. कोपऱ्यात टेकवलेलं एक फावडं त्यांनी उचललं, आणि हौदाच्या पलीकडच्या कडेला, जिथे फुंकणीवाला पहिलवान उभा होता, तिथे जाऊन चुरा ओढू लागले. पहिलवानाने त्यांची पकड पाहिली. "खालून धरा सर, पाठ जाईल," तो म्हणाला, आणि थोडी जागा करून दिली.

सर राजधानीला परतले. सोडायला कोणी आलं नाही.

मोठी भट्टी थंड व्हायला फार दिवस घेते. आतल्या विटा एकेक करून तडकत राहतात, आणि त्या तडकण्याचा आवाज आमच्या गावात घरात बसल्या बसल्या ऐकू येत होता. कधी एखादाच. कधी ओळीने. बोलणारी माणसं बोलता बोलता थांबायची आणि पुन्हा बोलायला लागायची. विक्रीच्या समितीची पहिली बैठक होती त्या सकाळी सरांनी घरी फोन केला. काय बोलायचं ते त्यांनी एका वाक्यात ठरवलं होतं, आणि ते वाक्य त्यांनी बायकोला म्हणून दाखवलं.

"ऐकतेस ना?"

"एक मिनिट," ती म्हणाली, आणि फोन हातात तसाच धरून खिडकीपाशी गेली. पल्ला उघडला, फोनचा हात बाहेर काढला आणि वीट तडकल्याचा आवाज येईपर्यंत तो तसाच धरून उभी राहिली.